खानापूरकडची वनरोपवाटिका: काय उचलावं, काय वाफ्यावरच सोडावं

ऐन, करंज आणि जांभूळ इथून घ्यावेत, पण दोन-तीन पिशव्या फाडून बघूनच. साग घेऊ नये. चंदनाच्या पिशवीत यजमान रोप (ज्याच्या मुळांवर चंदन पोसतं ते शेजारचं रोप) दिसलं तरच चंदन घ्यावं. निकाल एवढाच. तो कशावरून दिला आणि दुसऱ्या कुठल्याही रोपवाटिकेत तसाच कसा काढायचा, ते पुढे.

रोपवाटिका खासगी आहे, बेळगाव-खानापूर पट्ट्यातली. नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण इथे दिसलेले दोष या भागात थोड्याफार फरकाने सगळीकडे दिसतात. गिऱ्हाईक तीन तऱ्हेचं येतं: बांधावर झाडं लावणारे खानापूर-जांबोटीकडचे शेतकरी, उसाच्या कडेने साग नाहीतर महोगनी लावणारे हुक्केरी-चिकोडीकडचे, आणि वनमहोत्सवाच्या तोंडावर एकदम हजारभर रोपं मागणाऱ्या पंचायती नि शाळा. या तिघांनाही रोप उंच हवं असतं. खरा घोळ तिथूनच सुरू होतो.

सागाचे वाफे बघा. कंबरेएवढी रोपं, पानं सुपाएवढी, रंग गडद हिरवा. टेम्पोतून उतरलेलं गिऱ्हाईक थेट तिकडेच वळतं. त्यातल्या एका रोपाची उंची ७५ सेंटिमीटर आणि मातीलगत खोडाची जाडी ६ मिलिमीटर. सेंटिमीटरमधल्या उंचीला मिलिमीटरमधल्या जाडीने भागायचं. उत्तर येतं साडेबारा. हे उत्तर ६ च्या आत असेल तर रोप दणकट समजतात. ६ ते ८ मध्ये जात बघून ठरवावं. आठच्या वर गेलं की ते रोप फक्त उंच आहे, मोठं नाही. ऐनाच्या वाफ्यावरचं एक रोप जेमतेम ३८ सेंटिमीटर, पण जाडी ७ मिलिमीटर, म्हणजे भागाकार साडेपाचच्या आत. गिऱ्हाईक त्याच्याकडे बघतही नाही, आणि लावल्यावर जगतं ते हेच.

साग असा काडीसारखा का वाढला, याची कारणं वाफ्यावरच दिसतात. पिशव्या एकमेकींना खेटून रचल्यात, मध्ये बोटभरही जागा नाही. पानं एकमेकांवर आली की प्रत्येक रोप उजेडासाठी वर धावतं आणि खोड भरत नाही. वरून शेडनेट मे संपला तरी तशीच. त्यात युरियाचं पाणी. अशी रोपं खानापूरच्या पावसात नि वाऱ्यात लावली की आधी आडवी होतात. अथणी-रायबागकडे नेली तर दुसरंच दुखणं: पानांचा पसारा मोठा, मुळं तोकडी, पानं जेवढं पाणी उडवतात तेवढं मुळं ओढू शकत नाहीत आणि पावसाने आठवडाभर ओढ दिली की शेंडा वाळतो. शेतकरी म्हणतो पाऊस दगा देऊन गेला. दगा रोपानेच आधी दिलेला असतो.

जाडी मोजताना प्लास्टिकचा साधा व्हर्नियर कॅलिपर पुरतो. मातीच्या अगदी लगत, फुगवटा असेल तर त्याच्या जरा वर, दोन बाजूंनी मोजून सरासरी धरावी. रोप वाफ्याच्या कडेचं निवडू नये. कडेच्या रोपांना उजेड जास्त मिळतो, ती जाडच असतात, आणि कामगार दाखवायला नेमकं तिथलंच उचलून देतो. हात आत घालून मधली रोपं काढायची. हजाराच्या वाफ्यातून नागमोडी जात वीस-पंचवीस मोजली की अंदाज पक्का होतो. इथल्या जांभळाच्या वाफ्यात कडेची आणि मधली रोपं उंचीने सारखीच, जाडीत मात्र फरक स्पष्ट जाणवतो. जांभूळ तरी ठीक आहे. मधल्या रोपांचा भागाकारही साडेसातच्या वर जात नाही आणि जांभूळ मुळात चिवट.

वरचं मोजून झालं तरी निम्मीच तपासणी झाली. रोपाचं खरं भविष्य पिशवीत असतं आणि ते बघायला पिशवी फाडावी लागते. बहुतेक ठिकाणी इथेच वाजतं. ‘काय ओ, पिशवी फाडल्यावर ते रोप घेणार कोण?’ हा प्रश्न रास्त आहे, म्हणून फाडलेल्या रोपाचे पैसे आधीच देऊन टाकावेत. शंभर रोपं घेणाऱ्याला तीन रोपांचा खर्च काहीच नाही. या रोपवाटिकेची जमेची बाजू अशी की मालक फाडू देतो, बादलीभर पाणीही देतो. जो फाडूच देत नाही, त्याच्याकडून बांधावरच्या शोभेलासुद्धा झाड घेऊ नये.

फाडायची रीत: पिशवी एका बाजूने वरून खाली ब्लेडने चिरायची, मातीचा गोळा अलगद बाहेर काढायचा, आधी बाहेरून बघायचा आणि मग बादलीत बुडवून माती सुटू द्यायची. ओढायचं नाही, नाहीतर तंतुमुळं तुटून जातात आणि रोपाला उगाच नापास केलं जातं. गोळ्याच्या बाहेर पांढरी, ताजी टोकं दिसायला हवीत. सगळी मुळं काळपट-तपकिरी असतील आणि बोटाने चोळल्यावर साल सुटून येत असेल तर पाणी तुंबून मूळ कुजलंय. वास घेऊन बघितला तरी कळतं.

माती सुटल्यावर सोटमूळ बघायचं. ते सरळ खाली गेलेलं हवं. दोन दोष नेहमी सापडतात. पहिला, मूळ वरच्या बोटभरातच गळासारखं वळून पुन्हा वर आलेलं. हा दोष पुनर्लागवडीत होतो: वाफ्यातलं कोवळं रोप पिशवीत लावताना भोक उथळ पडलं, मूळ लांब होतं, तसंच दाबून टाकलं. असं झाड दोन-तीन वर्षं बरं वाढतं आणि मग वळणाच्या जागी मोडतं किंवा वाऱ्यात उन्मळतं. तोवर रोपवाटिकेची पावतीही कुणाकडे नसते. दुसरा दोष, मुळांनी पिशवीच्या तळाशी घातलेले वेटोळे. पिशवीच्या गुळगुळीत भिंतीला लागलं की मूळ तिच्या कडेने फिरत राहतं. रोप जितके महिने पिशवीत जास्त, तितके वेटोळे जास्त. ते जमिनीत गेल्यावर आपोआप सुटत नाहीत. मूळ जाड होतं आणि स्वतःलाच आवळतं. एखादं-दुसरं वेटोळं असेल तर लावताना पिशवीचा तळाचा दोन बोटं भाग मुळासकट धारदार कोयत्याने कापून टाकला तरी चालतं. मुळांचा पिळाच झाला असेल तर रोप परत.

इथल्या करंजात असं काही आढळलं नाही, ऐनातही जवळजवळ नाही. सागात मात्र फाडलेल्या पिशव्यांपैकी एकीत पिळा होता आणि ते रोप यंदाचं नव्हतंच. गेल्या पावसाळ्यात न खपलेलं, छाटून पुन्हा वाढवलेलं. जुनं रोप पिशवी न फाडताही ओळखता येतं. पिशवी उन्हाने कडक होऊन चुरचुरते, मातीवर शेवाळाचा थर असतो, खोडावर गळलेल्या पानांच्या खुणांची रांग असते आणि बुंध्याजवळ जुन्या छाटणीचा वण असतो. मालकाचं म्हणणं, जुनं रोप जास्त दणकट. जुनं रोप मोठ्या पिशवीत वेळेवर बदललं असेल तर हे खरं आहे. त्याच पिशवीत ठेवलं असेल तर अजिबात नाही.

आणखी एक गोष्ट वाफ्यावर वाकून बघावी. दोन-चार पिशव्या उचलून पाहा. पिशवी सहज उचलली गेली तर ठीक. खाली धरून ठेवल्यासारखी वाटली आणि ‘कट्’ आवाज झाला तर सोटमूळ पिशवीच्या भोकातून जमिनीत उतरलेलं होतं आणि आता तुटलं. दर दोन-तीन आठवड्यांनी पिशव्या हलवून जागा बदलली की हे होत नाही; बाहेर येणारी टोकं वेळीच तुटतात, आतली मुळं फुटतात. मजूर मिळत नाहीत म्हणून हे काम सगळ्यात आधी टाळलं जातं. इथेही टाळलेलं दिसतं. सागाची पानं दुसऱ्या दिवशी टेम्पोत मान टाकतात ती याच कारणाने, प्रवासाने नव्हे.

पिशवीतली माती हाही बघण्याचा भाग. नेहमीचं प्रमाण दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. खानापूर भागात तांबडी माती सहज मिळते, वाळू महाग, म्हणून वाळू कमी पडते. अशी पिशवी वाळल्यावर विटेसारखी टणक होते आणि पाणी वरून वाहून जातं. बोट खुपसून बघावं, दुसऱ्या पेरापर्यंत गेलं पाहिजे. इथे करंज-जांभळाची माती भुसभुशीत आहे. सागाची घट्ट. शेणखत कच्चं असेल तर हुमणी येते. फाडलेल्या गोळ्यात पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली अळी दिसली तर तो लॉट शेतात नेऊच नये, कारण अळीही बरोबर येते.

रूट ट्रेनरमधली रोपं हा इथला चांगला विभाग. आतून उभ्या रेघा असलेल्या, तळाला मोकळ्या प्लास्टिकच्या कोनात रोप वाढवलेलं असतं. रेघांमुळे मूळ फिरत नाही, सरळ खाली जातं आणि तळाशी हवा लागली की टोक आपोआप वाळून थांबतं. मग वरून बाजूची मुळं फुटतात. पण हे घडायला ट्रे जमिनीपासून वर, मांडवावर हवेत. काही रोपवाटिका ट्रे सरळ जमिनीवर मांडतात, मुळं खाली घुसतात आणि रूट ट्रेनरचा उपयोग संपतो. इथे लोखंडी मांडव आहे, चांगला गुडघाभर उंच. तपासायची रीत सोपी: कोन उलटा करून काठावर हलकेच ठोकायचा. गोळा अखंड निघाला, चहूबाजूंनी बारीक मुळांची जाळी दिसली तर रोप तयार. गोळा फुटला तर अजून महिनाभर थांबायला हवं. घट्ट चिकटून निघतच नसेल तर वेळ टळून गेलीय.

यात एक धोका आहे आणि विकणारा तो सांगत नाही. २५०-३०० घनसेंटिमीटरच्या कोनात पाण्याचा साठा फार थोडा. जांबोटी, कणकुंबी, लोंढा या पावसाच्या पट्ट्यात लावायला ही रोपं उत्तम; हलकी, डोंगरावर डोक्यावरून शंभर-शंभर नेता येतात. अथणी, रायबाग, चिकोडीच्या पूर्वेला ठिबक नसेल तर मात्र मोठ्या पिशवीतलंच रोप घ्यावं.

चंदनाबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसा तिथे जास्त जातो. चंदन अर्धपरजीवी आहे. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून अन्न घेतात. रोपवाटिकेत त्याच पिशवीत यजमान रोप लावावं लागतं, बहुधा तूर. यजमान नसलेलं चंदन काही महिने हिरवं दिसतं, मग पिवळट पडून थांबतं. इथे निम्म्या चंदनात तूर आहे, निम्म्यात नाही. दर मात्र एकच, ५० रुपये. ज्या पिशव्यांत तूर आहे त्यांतही ती चंदनाच्या वर गेलेली. ती वेळोवेळी छाटायला हवी होती. पिशवी उघडून तुरीच्या मुळावर चंदनाच्या मुळाची बारीक, बटणासारखी चिकटलेली टोकं दिसली म्हणजे सोयरीक जुळली. निवडायचं ते साधारण ३० सेंटिमीटरचं, फांद्या फुटलेलं, खोडाचा रंग हिरव्याचा तपकिरी झालेलं. हिरव्या, लुसलुशीत खोडाचं नको. चंदनाच्या रोपवाटिकांत सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत) आणि मर रोग मोठे शत्रू आहेत, म्हणून मुळांवर गाठी दिसल्या तर पूर्ण लॉट नाकारावा. तुरीच्या मुळावरच्या नत्राच्या गाठी वेगळ्या: त्या मुळाच्या बाजूला लटकलेल्या असतात, बोटाने सहज सुटतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं, ती सुटत नाही.

महोगनीचा शेंडा बघा. शेंडा पोखरणारी अळी लागली की शेंडा वाळतो, खाली दोन-तीन फांद्या फुटतात आणि सरळ खोडाची आशा संपते. इथे अशी रोपं वेगळी काढलेली नाहीत.

‘रक्तचंदन’ म्हणून ठेवलेल्या एका ओळीत पानाला पाच ते सात पर्णिका (एकाच देठावरची छोटी पानं), टोकाला किंचित खाच. हा बिबळा आहे, कन्नडमधला होन्ने. रक्तचंदनाला बहुधा तीनच पर्णिका असतात. बिबळा उत्तमच झाड आहे आणि या मातीतलं आहे, पण रक्तचंदनाच्या भावात कशाला? पाट्या कन्नड नि मराठी दोन्ही असल्या की नावांची सरमिसळ होते, त्यामुळे नाव कन्नडमध्येही विचारून घ्यावं: ऐन म्हणजे मत्ती, नाणा म्हणजे नंदी, करंज म्हणजे होंगे, जांभूळ म्हणजे नेरळे. वन खात्याच्या रोपवाटिकेत गेलात तर तिथल्या यादीवर हीच नावं असतात.

‘टिश्यू कल्चर साग’ अशी पाटीही आहे, दर दुप्पट. ऊतीसंवर्धित रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणन व्यवस्था २००६ पासून आहे; प्रमाणपत्राचं लेबल मागितलं तर दाखवता आलं नाही. ऊतीसंवर्धित लॉटमधली सगळी रोपं जवळजवळ एकसारखी असायला हवीत. या ओळीतली रोपं वीतभर ते हातभर, वाटेल तशी. सागच हवा असेल तर स्टंप विचारावेत: अंगठ्याएवढ्या जाडीचं मूळ, वीतभर लांब, वर दोन-तीन सेंटिमीटर खोड ठेवून छाटलेलं. पिशवीपेक्षा स्वस्त, वेटोळ्यांची भानगड नाही आणि पाऊस स्थिर झाल्यावर सरळ पहारीच्या भोकात लावता येतात. ते इथे मिळत नाहीत.

बियाणं कुठलं, हा प्रश्न इथे कुणी विचारत नाही. ऐनाचं बी जांबोटी बाजूचं, असं सांगितलं जातं. ते किती झाडांखालचं, याचं उत्तर नाही. निदान वीस-तीस झाडांचं, तीही एकमेकांपासून पन्नास-शंभर मीटरवरची, असं बी असेल तर लॉटमध्ये विविधता राहते. रस्त्याकडेच्या एकाच भरघोस झाडाखालचं पोतं भरून आणलं तर सगळी भावंडंच लावली जातात. ऐनाचं बी मुळात पोचट फार, उगवण कमी, त्यामुळे असं सोयीचं बी वापरण्याचा मोह मोठा.

पंचायत किंवा संस्थेने हजारांत खरेदी करायची असेल तर एक पायरी पुढे जाऊन डिक्सन निर्देशांक काढावा. प्रत्येक लॉटमधली पाच-दहा रोपं धुऊन, मुळं आणि वरचा भाग वेगळे करून ७० अंश सेल्सिअसला ४८ तास ओव्हनमध्ये वाळवायची आणि वजनं घ्यायची. एकूण कोरडं वजन भागिले दोन गोष्टींची बेरीज: उंची-जाडीचा भागाकार आणि वरचं वजन भागिले मुळांचं वजन. समजा एकूण ६ ग्रॅम, उंची-जाडीचा भागाकार ६, वरचा भाग मुळांच्या दुप्पट. तर ६ भागिले ८, म्हणजे ०.७५. आकडा मोठा तितकं रोप भरीव. हा निर्देशांक १९६० साली स्प्रूस आणि पाइनसाठी निघाला, त्यामुळे ऐनाचा आकडा करंजाच्या आकड्याशी लावू नये. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या दोन लॉटमध्ये डावं-उजवं करायला तो चांगला. उन्हात वाळवून वजनं घेतली तर आकडे फसवे येतात.

दर असे: करंज १५, ऐन आणि जांभूळ २०, साग ३० रुपये, रूट ट्रेनरमधलं कुठलंही १२. वन खात्याची रोपं याहून बरीच स्वस्त पडतात, आणि २०११-१२ पासूनच्या कर्नाटक सरकारच्या कृषी अरण्य प्रोत्साहन योजनेत नोंदणी करून खात्याची रोपं उचलली तर जगलेल्या प्रत्येक रोपामागे अनुदान मिळतं. सुरुवातीला तीन वर्षांत मिळून ४५ रुपये होतं, नंतर ते १०० आणि पुढे १२५ झालं. मेलेल्या रोपाला शून्य. म्हणजे तिथेही रांगेत उभं राहून जे हाताला येईल ते घेण्यापेक्षा वर सांगितल्याप्रमाणे निवडून घेण्यात रोख फायदा आहे. उतारा, आधार आणि बँक पासबुकाची प्रत बरोबर न्यावी आणि पावसाच्या आधीच नोंदणी करावी; मृग निघाल्यावर गेलात तर उरलेलं उचलावं लागतं. खासगी रोपवाटिकेतल्या रोपांवर हे अनुदान नाही, हे इथला मालक स्वतःहून सांगतो. त्याबद्दल त्याला मार्क द्यायला हवेत.

भरून देण्याची पद्धत वाईट. कामगार खोडाला धरून रोप उचलतात, त्यामुळे गोळा पिशवीत तुटतो. पिशवीला खालून हात लावून उचलायला सांगा, उभं राहून सांगा. आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी घालायला लावा, भरायच्या वेळी नको. टेम्पोत दुसरा थर रचायचा तर मध्ये फळ्या टाकाव्यात, आणि वर ताडपत्री हवीच. खानापूरहून अथणी म्हणजे दीडशे किलोमीटरच्या पुढे, उघड्या टेम्पोत वाऱ्याने पानं भाजून निघतात. शेडनेटखालची रोपं थेट शेतात लावू नयेत. इथे ती उन्हात कणखर करून दिली जात नाहीत, म्हणून घरी आणून दोन-तीन आठवडे आधी विरळ सावलीत, मग उघड्यावर ठेवावीत आणि पाणी हळूहळू कमी करावं. याचा अर्थ खरेदी मेच्या मध्यालाच करायची.

मेलेली रोपं बदलून देण्याची हमी आहे, पण पावती आणि वाळलेलं रोप पिशवीसकट आणण्याची अट आहे. रोप लावताना पिशवी काढूनच लावतात, तेव्हा ही हमी कागदावरचीच. त्यापेक्षा आगाऊ मागणी देण्याची सोय वापरावी. डिसेंबरात थोडी रक्कम भरून जात, पिशवीचा आकार, पिशव्यांमधलं अंतर आणि मार्चनंतर युरिया नको, हे लिहून घेतलं तर मालक तसं करून द्यायला तयार आहे. पाचशेच्या खाली मागणी घेत नाही. दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून द्यावी.